हलक्या ओझ्याचा वाटसरू : जॉन म्यूर

एका गावाहून दुसऱ्या गावी उपासनेस पायी जाणारे आमचे उपदेशक बंधू निघण्यापूर्वी एक विचार करीतच असतात. पडशीत काय घ्यावे व काय मागे ठेवावे? पवित्र शास्त्र व गीतांचे पुस्तक घेतलेच पाहिजे. भाकरीही हवी. घोंगडी पावसाळ्यात लागते, पण उन्हाळ्यात तिचे नुसते ओझे होते. हा प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु जो फार चालतो त्याला तो लहान वाटत नाही. ज्या एका पुरुषाने जन्मभर डोंगर तुडवून या प्रश्नाचे उत्तर शोधले, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन म्यूर यांचा जन्म 21 एप्रिल 1838 रोजी स्कॉटलंड देशातील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांचे वडील डॅनिएल म्यूर हे अत्यंत धर्मनिष्ठ, परंतु तितकेच कठोर गृहस्थ होते. 1849 साली ते कुटुंबासह अमेरिकेत गेले व विस्कॉन्सिन प्रांतात रान तोडून शेती करू लागले. त्या वेळी अकरा वर्षांच्या जॉनला नवा करार सगळा व जुन्या कराराचा पाऊण भाग मुखोद्गत होता. हे पाठांतर प्रेमाने झाले नव्हते, छडीने झाले होते. आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. मुलाच्या मनात वचन राहिले ही देवाची कृपा होय. परंतु छडीचे वळही राहिले, आणि ते म्यूर यांस म्हातारपणापर्यंत आठवत होते.

शेतावर पाणी नव्हते, म्हणून वडिलांनी जॉनला विहीर खणण्यास लाविले. वरची दहा फूट माती गेल्यावर खाली वाळूचा खडक लागला. छिन्नी व हातोडा घेऊन तो पोरगा महिनोन्‌महिने एकटाच त्या अरुंद खड्ड्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत खडक फोडीत असे. ऐंशी फुटांवर गेल्यानंतर एके सकाळी तो बादलीतून खाली उतरला, तो त्याला घेरी येऊ लागली. रात्री तळाशी विषारी वायू साचला होता. हा वायू हवेहून जड असल्यामुळे खालीच बसून राहतो. विहिरीत कोंडलेल्या वायूने माणसे दगावतात हे आमच्या खेड्यांतील वाचकांस ठाऊकच आहे. जॉनची दृष्टी वर गेली, तेव्हा विहिरीच्या तोंडावर आलेली झाडाची फांदी त्याला दिसली. त्या दर्शनाने तो किंचित शुद्धीवर आला व मला वर घ्या म्हणून क्षीण स्वराने ओरडला. तो कसाबसा बादलीत शिरला आणि वडिलांनी त्याला वर ओढून घेतले. मग खाणीच्या कामाचा माहितगार असा एक शेजारी आला. वरून पाणी ओतून व दोरीला बांधलेला काटक्यांचा भारा खालीवर करून विहिरीतील हवा कशी हालवावी, हे त्याने शिकविले. एकदोन दिवसांनी जॉनला पुन्हा खाली उतरविण्यात आले आणि नव्वद फुटांवर पाणी लागले.

तरुणपणी म्यूर यांना यंत्रे करण्याचा मोठा नाद होता. लाकडाची घड्याळे करून त्यांनी नाव मिळविले. काही काळ ते मॅडिसन येथील विद्यापीठात शिकले व पुढे कारखान्यात कामास राहिले. तेथे मार्च 1867 मध्ये काम करीत असता एक कानस निसटून त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि त्याच्या सहवेदनेने दुसराही दिसेनासा झाला. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. हळूहळू दृष्टी परत आली. तेव्हा त्यांनी निश्चय केला, की मनुष्यांनी केलेली यंत्रे पाहण्यात आता डोळे खर्चावयाचे नाहीत, देवाने केलेली सृष्टी पाहावयाची.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते केंटकी प्रांतातील लुईव्हिल गावाहून पायी निघाले व सुमारे हजार मैल चालून फ्लॉरिडाच्या समुद्रकाठी पोहोचले. त्यांच्याजवळ वनस्पती दाबून ठेवण्याची फळी व एक लहान पिशवी एवढेच होते. वाटेत एक घोडेस्वार भेटला. मी तुमची पिशवी घेतो, असे तो मोठ्या अगत्याने म्हणू लागला. पिशवी हाती येताच त्याने घोडा पुढे दौडविला व ती उघडून चाचपली. आत फणी, ब्रश, पंचा, साबण, आतील कपड्यांचा एक जोड, दोन कवींची पुस्तके व लहानसा नवा करार निघाला. चोराला त्यात नेण्याजोगे काही दिसले नाही. त्याने थांबून पिशवी परत केली आणि आपण काही विसरलो असे सांगून माघारी वळला. ज्याची पिशवी हलकी, त्याला चोराचे भय थोडे, हे सत्य अशा रीतीने म्यूर यांना पहिल्याच प्रवासात कळले. परंतु हिवतापापासून हलकी पिशवी रक्षण करीत नाही. सीडर की गावी ते तापाने आडवे झाले, आणि तेथील एका लाकडाच्या गिरणीच्या मालकाच्या कुटुंबाने त्यांची कित्येक आठवडे शुश्रूषा केली नसती तर हे चरित्र येथेच संपते.

1868 साली ते कॅलिफोर्नियात गेले व सिएरा नेवाडा नामक पर्वतश्रेणीत राहू लागले. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात एका मेंढपाळ मालकाचा कळप उंच कुरणांत नेण्याचे काम त्यांनी पत्करले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी ते पर्वत एकट्याने पालथे घातले. घोडा नाही, हमाल नाही, बंदूक नाही. सामान म्हणाल तर वाळविलेला पाव, थोडा चहा, पत्र्याचा पेला, कमरेस बांधलेली टिपणवही, वनस्पती पाहण्याचे भिंग आणि पायांत खिळे मारलेले बूट. पुष्कळदा ते कांबळेसुद्धा घेत नसत.

हा हट्ट नव्हता, यात हिशेब होता. ताज्या पावात पाणी असते आणि पाण्याला वजन असते. पाव वाळला की तो हलका होतो व बुरशीने लवकर नासत नाही. कांबळे नसले तर रात्री शेकोटी हवी, म्हणून सुकी लाकडे मिळतील अशा झाडीच्या सीमेवर ते मुक्काम करीत व देवदारासारख्या झाडांच्या डहाळ्या अंथरून निजत. थंडीने जाग आली की लाकूड सारावे व पुन्हा निजावे, अशी त्यांची रात्र जाई. अशा रीतीने जेथे इतरांस खेचरे व तंबू लागत, तेथे ते एकटे जाऊन येत.

या चालण्याचे फळ म्हणजे एक मोठा शोध. योसेमिटी नामक खोल दरी तळ खचून झाली, असे प्रांताचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी सांगत. म्यूर यांनी खडकांवरील ओरखडे पाहून ताडले, की ही दरी बर्फाच्या नद्यांनी कोरली आहे. एका मेंढपाळाचे मत म्हणून विद्वानांनी ते उडवून लावले. म्यूर यांनी वाद घातला नाही. 1872 साली मक्लूर शिखराखालच्या बर्फात त्यांनी एका रांगेत खुंट्या रोविल्या व 46 दिवसांनी परत येऊन मोजले, तो मधली खुंटी 47 इंच पुढे सरकली होती. त्या पर्वतांत आजही जिवंत हिमनद्या वाहत आहेत हे येणेप्रमाणे सिद्ध झाले. दरी कोरण्यात नद्यांच्या पाण्याचाही वाटा आहे, असे पुढील शास्त्रज्ञांनी दाखविले. तथापि बर्फाविषयी मेंढपाळाचेच म्हणणे खरे ठरले.

तथापि हलकेपणालाही मर्यादा आहे, आणि ती म्यूर यांना शरीर पोळून शिकावी लागली. 30 एप्रिल 1875 रोजी हवेचा दाब मोजण्यासाठी ते जेरोम फे नावाच्या सोबत्यासह शास्ता पर्वतावर चढले. हा पर्वत चौदा हजार फुटांहून उंच आहे. म्यूर यांनी आपला कोट खाली तळावर ठेविला होता. दुपारी शिखरावर वादळ उठले. सोबती खाली उतरण्याची घाई करीत असताही ते मोजमापासाठी थांबले, आणि वाट बंद झाली. शिखराजवळ जमिनीतून उष्ण वाफा निघणारा चिखलाचा एक पट्टा आहे. त्यात दोघे सारी रात्र पडून राहिले. खालची बाजू भाजत होती व वरची गोठत होती. कूस बदलावी तर भाजलेले अंग गोठे व गोठलेले भाजे. सकाळी ते लाकडासारख्या ताठ झालेल्या कपड्यांनिशी खाली आले. त्या रात्री म्यूर यांच्या पायांना झालेली इजा पुढे पुष्कळ वर्षे त्यांना जाणवत होती. कोट ओझे नव्हता, हे त्यांना तेव्हा समजले. जे टाकल्याने आपण हलके होतो ते निराळे, आणि जे टाकल्याने सोबत्याचाही जीव धोक्यात येतो ते निराळे.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हे चरित्र आम्ही विशेषेकरून निवडले. 1879 साली म्यूर अलास्का देशी गेले. तेथे रँगेल नामक ठाण्यात प्रेस्बिटेरियन मंडळीचे तरुण मिशनरी रे. सॅम्युएल हॉल यंग हे त्लिंगित लोकांमध्ये सेवा करीत होते. त्याच वर्षी त्यांनी तेथे मंडळी स्थापन केली. दोघांची लगेच मैत्री जमली. त्या उन्हाळ्यात मिशनची काही वडील माणसे व हे दोघे आगबोटीने स्टिकीन नदीतून वर गेले. बोट ग्लेनोरा येथे थांबली असता दुपारी म्यूर जवळच्या शिखरावर निघाले. यंगसाहेबही उत्साहाने बरोबर गेले. पूर्वी घोडी शिकविताना त्यांचे दोन्ही खांदे निखळले होते व तेव्हापासून ते अधू होते. ही गोष्ट त्यांनी मित्रास सांगितली नव्हती. मागे राहावे लागेल, हे त्यांना नको होते.

सूर्यास्त शिखरावरून पाहावा म्हणून दोघे वेगाने चढले. शिखर हाताशी आले असता यंगसाहेबांचा पाय एका ठिसूळ धोंड्यावरून सरकला. पडताना त्यांनी हात पसरले, आणि दोन्ही खांदे निखळले. ते उतारावर पालथे अडकले. पाय कड्यावर लोंबकळत होते व खाली खोलवर हिमनदी होती. हात निर्जीव, मुठीत धरावयास काही नाही, आणि शरीर हळूहळू घसरत होते. म्यूर वळसा घालून, धीर देत, त्यांच्यापर्यंत उतरून आले. यंगसाहेबांनी पुढे लिहून ठेविले, की म्यूर यांनी त्यांची गळपट्टी दातांत धरिली व दोन्ही हातांनी खडक धरीत त्यांना वर ओढून काढिले. म्यूर यांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तांतात मात्र ही हकीकत फार साध्या शब्दांत आहे. आपल्या पराक्रमाचा त्यांनी बोभाटा केला नाही.

अंधार पडला होता. म्यूर यांनी एक खांदा कसाबसा बसविला, दुसरा बसेना. म्हणून तो हातरुमालाने व पाटलोणीच्या पट्ट्यांनी बांधून टाकिला. बोटीवर जाऊन माणसे आणतो, तुम्ही शेकोटीजवळ थांबा, असे त्यांनी सुचविले; परंतु यंगसाहेबांनी एकटे राहण्यास काकुळतीने नकार दिला. मग म्यूर त्यांना घेऊन उतरू लागले. जेथे उभे राहवेना तेथे त्यांना टेकू दिला, जेथे पाऊल टाकवेना तेथे उचलून धरिले, वाटेत लहान शेकोट्या पेटविल्या, पाणी पाजले, गोष्टी सांगितल्या. सारी रात्र अशी गेली. सकाळी ते बोटीपाशी पोहोचले. तेथे वडील मंडळींपैकी एकाने या अविचारी साहसाबद्दल म्यूर यांस बोल लाविण्यास आरंभ केला. तेव्हा बोटीच्या कप्तानाने, जो काही फार भाविक म्हणून प्रसिद्ध नव्हता, त्यांना मध्येच थांबविले. मनुष्य वेदनेने तळमळत असता उपदेशाची ही वेळ नव्हे, अशा अर्थाचे तो रागाने बोलला. मग चारचौघांनी मिळून दुसरा खांदा बसविला.

प्रिय वाचकहो, या गोष्टीत आम्हां सर्वांस काही ना काही घेण्यासारखे आहे. यंगसाहेबांनी आपला अधूपणा लपविला, आणि त्यांच्या गुप्त ओझ्याने दोघांचा जीव टांगणीस लागला. सेवेत बरोबर चालणाऱ्याला आपली अशक्तता सांगण्यास लाजू नये. त्या वडील गृहस्थांचे बोलणे कदाचित खरेही असेल, परंतु त्यांची वेळ चुकली. आणि म्यूर यांच्या पाठीवर त्या संध्याकाळी काही नव्हते, म्हणून त्यांना आपल्या मित्राचा भार घेता आला. प्रभूने शिष्यांस पाठविताना झोळी व दुसरा अंगरखा घेऊ नये अशी आज्ञा केली, तिचे एक कारण हेही असावे, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघे मित्र होडीने उत्तरेकडे निघाले. यंगसाहेबांना त्लिंगित लोकांची गावे पाहून सुवार्ता सांगावयाची होती. म्यूर यांना हिमनद्या पाहावयाच्या होत्या. वल्ही मारणाऱ्या चौघांचा नायक टोयाट नावाचा वृद्ध ख्रिस्ती सरदार होता. बर्फाने भरलेल्या उपसागरात शिरल्यावर, वादळात डोंगर चढणारा हा मनुष्य चेटक्या तर नव्हे ना, अशी शंका त्याला आली. म्यूर यांनी सर्वांस धीर दिला, आणि त्यांची मने स्थिर झाली. पुढे जानेवारी 1880 मध्ये दोन जमातींमधला तंटा मिटविण्यास मध्ये पडला असता टोयाट गोळी लागून मरण पावला. म्यूर यांच्या नावाची जगभर कीर्ती आहे. परंतु ज्याच्या होडीविना त्यांना त्या हिमनद्या दिसल्या नसत्या, त्या वृद्ध बंधूचे नावही आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

म्यूर यांच्यात दोषही होते. तरुणपणच्या लिखाणात कॅलिफोर्नियातील मूळ रहिवासी व नीग्रो लोक यांच्याविषयी त्यांनी तुच्छतेचे शब्द लिहिले आहेत. त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेने 2020 साली ते उघडपणे कबूल केले. त्लिंगित लोकांबरोबर एका होडीत बसल्यावर, त्यांच्या शेकोटीवर जेवल्यावर, त्यांची दृष्टी पुष्कळ निवळली. दुरून तुच्छ वाटलेला मनुष्य एका पंक्तीस बसला म्हणजे भाऊ दिसू लागतो, हे आमच्या मंडळ्यांस निराळे सांगावयास नको.

1880 च्या ऑगस्टच्या अखेरीस ते पुन्हा यंगसाहेबांसह अलास्कात होते. एके पहाटे वादळ सुरू असता म्यूर खिशात पावाचा तुकडा व हाती बर्फ तोडण्याची कुऱ्हाड घेऊन हिमनदीवर निघाले. यंगसाहेबांचा स्टिकीन नावाचा लहान काळा कुत्रा, परत जा म्हटले तरी, त्यांच्या मागे गेला. संध्याकाळी परतताना एक भयंकर रुंद भेग आडवी आली. तीवर बर्फाचा एक अरुंद, मध्ये लवलेला पूल तेवढा होता. म्यूर पाय दोहोंकडे सोडून बसले आणि कुऱ्हाडीने धार सपाट करीत इंचाइंचाने पलीकडे गेले. कुत्रा अलीकडे राहून आक्रोश करू लागला. म्यूर यांनी त्याला टाकून दिले नाही. गुडघे टेकून त्यांनी त्याला पुष्कळ वेळ बोलाविले. शेवटी तो थरथरत पायऱ्यांवरून आला आणि पलीकडे पोहोचताच आनंदाने वेड्यासारखा धावू लागला. या प्रसंगावर म्यूर यांनी 1909 साली लहानसे पुस्तक लिहिले. मुक्या प्राण्यालाही आपल्यासारखेच भय व आनंद असतात, हे त्यांना त्या दिवशी कळले.

एप्रिल 1880 मध्ये म्यूर यांचा विवाह झाला होता. पुढली काही वर्षे त्यांनी सासऱ्यांच्या फळबागा सांभाळल्या व दोन मुलींचे संगोपन केले. डोंगरांची वर्णने लिहिण्यात देवाची सेवा नाही, असे त्यांचे वडील मानीत व तसे त्यांनी मुलास कळविलेही होते. तथापि 1885 साली वडील आजारी असल्याचे जाणवून म्यूर दूरचा प्रवास करून गेले व भावंडांना घेऊन त्यांच्या मृत्युशय्येशी बसले. छडीचे वळ विसरले नसतील, परंतु राग त्यांनी बरोबर वागविला नाही. आमच्या मते त्यांनी टाकलेल्या ओझ्यांत हे सर्वांत जड होते.

म्यूर यांच्या लेखांमुळे 1890 साली योसेमिटीभोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. 1892 साली त्यांनी सिएरा क्लब स्थापिला व मरेपर्यंत ते त्याचे अध्यक्ष होते. मे 1903 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझव्हेल्ट त्यांच्याबरोबर तीन रात्री उघड्या रानात निजले; एके सकाळी पाहतात तो पांघरुणांवर बर्फ पडलेले होते. त्यानंतर म्यूर जगप्रवासास निघाले, तेव्हा हिंदुस्थानात येऊन त्यांनी हिमालयाचेही दर्शन घेतले. हेच हेची नावाची रम्य दरी धरणाखाली जाऊ नये म्हणून ते पुष्कळ झगडले, पण 1913 साली धरणाचा कायदा झाला व ते हरले. 24 डिसेंबर 1914 रोजी, नाताळाच्या आदल्या दिवशी, लॉस एंजेलिस येथे फुप्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. अलास्काच्या प्रवासाचे अपुरे लिखाण त्या वेळी त्यांच्याजवळ होते. पुढल्या वर्षी ते छापून निघाले, आणि त्याच वर्षी रे. यंग यांनीही आपल्या मित्राच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

म्यूर उपदेशक नव्हते, व उपासनामंदिरात ते क्वचितच दिसत. आमच्या वाचकांनी त्यांना त्या बाबतीत कित्ता मानू नये. परंतु त्या रात्री डोंगरावर एक मिशनरी वाचला, तो एका रिकाम्या पाठीच्या माणसामुळे. पुढच्या वेळी पडशी भरताना आमच्या बंधूंनी एवढेच पाहावे, की वाटेत कोणी पडलेला आढळला तर त्याला उचलण्यास आपला खांदा मोकळा आहे ना.